सव्वा मूठ गहू

"तो जित्ता शे, अक्का. जित्ता पोऱ्यानी मूठ कशी टाळू?"

"मग पोरीची मूठ कधीपासून घालायला लागलास?" मी म्हटलं.

भिकन माझा धाकटा भाऊ, हाडाचा हट्टी; मीही त्याचीच बहीण. श्रावणात कानबाई देवी बसते, तेव्हा आमच्या दोंडाईच्यात घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू रोटासाठी, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, दळतात. बाईची मूठ नसते. आणि पुरुषाची राहिली, तर तो मेला असं समजायचं.

भिकनच्या पोटी युवराज जन्मला खरा, पण ती मृणाली होती. मला ते तिच्या लहानपणीच कळलं. बापाला कळून घ्यायचं नव्हतं. गेल्या कानबाईला ती साडी नेसून आरतीला उभी राहिली, तर त्याने तिला भर गल्लीत मारलं. ती जळगावला निघून गेली. दिवाळीत मला फोन आला, "आत्या, मेहरूणच्या तळ्यावर बसलेय. घरी यावंसं वाटतं गं." मी म्हटलं, ये. त्यानंतर तिचा फोन लागलाच नाही.

भिकनने "युवराज" म्हणत मूठ सुपात सोडली.

गहू ओले होते. तळ्यातल्या शेवाळाचा थंड वास घरभर पसरला. त्याने ते ओतून दिले, पोत्यातून कोरडे घेतले, पुन्हा नाव घेतलं... पुन्हा ओले. त्याचा तळवा मात्र कोरडा.

"तिला नको ते नाव," मी हळूच म्हणाले.

"मग मेला म्हणू का? आज मूठ नाही टाकली, तर... मीच मारला ना त्याला?"

त्याचा आवाज फाटला. जात्यावर दळायला आलेल्या शेजारणींनी गाणं थांबवलं. आभाळ इतकं उतरलं होतं, की एकमेकींचे चेहरे दिसेनात. भिकनने तिसऱ्यांदा पोत्यात हात घातला.

केसरबाई, त्याची बायको, जात्यापाशी बसलेली. पोर गेल्यापासून तिने तिच्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. ती चटईवर जराशी सरकली, कुणाला तरी जागा करून द्यावी तशी. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली,

"मूठ ऱ्हाऊ द्या... तुमनी पोर मना बाजूले, बायास्मा बठेल शे... गाणं म्हनी ऱ्हायनी."