इथं तुम्ही एकटे नाही

दुपारची भांडी झाली, की शीला पदराला हात पुसून दार उघडायला बसे. दार म्हणजे फोनवरचं. बालाघाटच्या तिच्या घराचं दार दिवसभर सताड उघडं असायचं. हे दुसरं मात्र तिच्याशिवाय कोणी उघडायचं नाही, असा तिचाच नियम होता.

ग्रुपचं नाव 'सोबत'. ज्यांच्या लेकरांना सिकलसेल आहे, अशा आईबापांचा ग्रुप. रक्ताचा जन्मापासूनचा आजार हा. थंडी बाधली, पाणी कमी पडलं, ताप आला, की हाडं ठणकायला लागतात आणि लेकरू रात्रंदिवस कण्हतं. शीलाची श्रुतिका चार वर्षांची असताना पहिल्यांदा दवाखान्यात तळमळली, तेव्हा हे काय आहे ते शीलाला सांगणारं कोणी नव्हतं. त्या एकटेपणाचा तिनं धसकाच घेतला. म्हणून तिनं ग्रुप काढला, वाढवला. बालाघाट, लालबर्रा, किरनापुर, पार गोंदियापर्यंतची दोनशे घरं त्यात होती. कोणत्या गोळीनं मळमळतं, शाळेत मास्तरांना काय सांगायचं, रक्त कुठं मिळेल, अशी चर्चा दिवसभर चाले, अर्धी मराठीत, अर्धी हिंदीत.

आत येताना नव्या माणसानं तीन ओळी लिहायच्या: गाव, लेकराचं नाव, वय. शीलानं आत घेतलं की त्या ओळी सगळ्यांना दिसत आणि मग एकेकानं स्वागत करायचं. 'मी श्रुतिकाची आई, बालाघाट. श्रुतिका चौदा वर्षांची. इथं तुम्ही एकटे नाही.' नव्या माणसानं शेवटी एवढंच म्हणायचं, 'आलो' किंवा 'आली'. ही रीत शीलाचीच. ते स्वागत वाचून आपण पहिल्यांदा पोटभर रडलो, असं कितीतरी आया तिला सांगत.

जाण्याची रीत कोणी घालून दिली नव्हती, ती आपोआप पडली. लेकरू गेलं की आईबाप गुपचूप बाहेर पडत. 'अमक्याने ग्रुप सोडला' एवढीच ओळ दिसायची. त्या दिवशी कोणी काही लिहीत नसे.

भादव्यात एक अर्ज आला. गाव रामपायली. पिंकी. वय सहा. शीलाला नाव ओळखीचं होतं. पिंकीची आई रीना वर्षभरापासून ग्रुपात होती. नंबर तेवढा नवा. नवऱ्याचा असेल म्हणून शीलानं आत घेतलं. एकेका घरातली दोन-तीन माणसं ग्रुपात होतीच. स्वागतं झाली. नवा माणूस काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी त्याचा एकच शब्द आला, 'आली'. तासाभरात रीनाने ग्रुप सोडला.

शीलाला वाईट वाटलं, पण दोन गोष्टींची सांगड काही तिनं घातली नाही. कोण घालील?

महिन्यानं दुसरा अर्ज. गाव लालबर्रा. मोहित. वय नऊ. मोहितचा बाप रवी ग्रुपातच होता. शीलानं आत घेतलं आणि सहज त्याला फोन केला.

"रवीभाऊ, वहिनीले घेतलं बरं का ग्रुपात."

"कोनाले? तिच्यापाशी फोनच नाही ताई."

शीलाला पिंकीच्या वेळचा तो नवा नंबर आठवला. तिनं मोहितच्या अर्जाचा नंबर लावला. बंद. पुन्हा रवीला सांगावं, असं तिला वाटलं. पण सांगणार काय? पोराला सांभाळ म्हणून? तो तर सांभाळतच होता. आणि खरं सांगायचं तर तिच्या मनात आलं होतं, की चला, आपल्या पोरीचं नाव तर नाही त्यात. हे तिनं कधी कोणाजवळ बोलून दाखवलं नाही, पण तिला स्वतःला ते विसरता आलं नाही. तिसऱ्या दिवशी 'आलो' आलं. संध्याकाळी रवी गेला ग्रुपातून.

मग धान कापणीचे दिवस आले. हवेत राइसमिलच्या जळक्या कोंड्याचा वास होता. श्रुतिका ओट्यावर उन्हात बसून शेंगा फोडत होती, आणि आत शीलाच्या हातात फोन होता.

गाव बालाघाट. श्रुतिका. वय चौदा.

तिनं अर्ज नाकारला. गॅसवरचं दूध उतरवून येते तोवर तोच अर्ज पुन्हा दारात. पुन्हा नाकारला. पुन्हा आला. चिडून नाही, घाई करून नाही. बाहेर कोणी शांतपणे उभं राहावं, तसा.

तिनं दारच बंद केलं. कोणालाच आत घ्यायचं नाही. नवऱ्याला, तेजरामला, दाखवलं.

"कोनी खोड्या करून राह्यला असंल," तो म्हणाला. "तू मनाले लावून घेऊ नको."

पण संध्याकाळी बाजारातून येताना त्यानं श्रुतिकासाठी दुसरं स्वेटर आणलं. शाळा बंद झाली. पोरीला दर तासाला पाणी, पायांत मोजे, उशाशी थर्मामीटर. श्रुतिका वैतागली. "मम्मी, मी तं चांगली आहो." आणि ती खरंच चांगली होती. तीन दिवस.

चौथ्या दिवशी दुपारी फोन वाजू लागला. टिंग. टिंग. टिंग. शीलानं फोन उघडून पाहिलं.

'मी अश्विनचा बाप, किरनापुर. अश्विन बारा वर्षांचा. इथं तुम्ही एकटे नाही.'

'मी राखीची आई, गोंदिया. राखी सात वर्षांची. इथं तुम्ही एकटे नाही.'

अश्विनचा बाप म्हणजे प्रेमलाल. शीलाचा फोन कधी बंद पडला तर अडू नये म्हणून दार उघडण्याची मुभा तिनं त्याला देऊन ठेवली होती, आणि तिला त्याची आठवणही उरली नव्हती. तिनं त्याला फोन लावला.

"काहून उघडलं तुमी, भाऊ?"

"ताई, आमच्या गावच्या भैयालालचं पोरगं दवाखान्यात आहे. रक्त पाहिजे होतं. तीन दिवसापासून अर्ज करून राह्यला बिचारा. म्या सगळ्याइलेच घेतलं आत. श्रुतिकाचं नाव होतं, मले वाटलं तेजरामभाऊ आले..."

"काढा त्याले."

"काढतो. पण ताई... पन्नास लोकाइनं स्वागत केलं बी."

बोलत असतानाच टिंगटिंग चालू होती. भली माणसं. कोणी कामावरून, कोणी शेतातून, कोणी लेकराच्या उशाशी बसून लिहीत होतं. शीलानंच शिकवलं होतं त्यांना, की नव्या माणसाला ताटकळत ठेवू नका.

ओट्यावरून हाक आली.

"मम्मी... पाय दुखून राह्यला."

सरकारी दवाखान्यात काही कमी पडलं नाही, हे शीला पुढंही सांगायची. सलाइन लागलं, रक्त मिळालं, सिस्टरबाई दर घटकेला येऊन बघून जात. दुखणं तेवढं हटेना. श्रुतिका चादर दातांत धरून कण्हत होती. तो नंबर प्रेमलालनं काढून टाकला होता. शीलानं फोन बंद करून तेजरामच्या खिशात टाकला आणि त्याला खाली पाठवलं. फोन बंद असला तर तो शब्द येणार नाही, एवढाच तिचा हिशोब. वेड्यासारखा होता, पण दुसरा हिशोब तिच्याजवळ नव्हता. तासनतास ती पोरीचे तळवे चोळत राहिली आणि ज्याला कधी आत येऊ द्यायचं नव्हतं, त्याला मनातल्या मनात विनवत राहिली, की मले घेऊन जाय, मले.

तिसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डात ऊन आलं होतं. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी जेवून झोपली होती. फिनाइलच्या वासात कुठून तरी जळक्या कोंड्याचा वास मिसळला. आणि श्रुतिकाचं कण्हणं थांबलं.

शीलानं मान वर केली. पोरीचा चेहरा सैल झाला होता. तीन दिवसांत पहिल्यांदा कपाळावर आठी नव्हती.

"मम्मी," ती हळूच म्हणाली, "आता दुखून नाही राह्यलं."

शीलाला रडू फुटलं. आनंदाचंच होतं ते, क्षणभर. तिनं पोरीचा हात गालाशी धरला.

"मम्मी... पिंकी कोन व्हय?"

ग्रुपातलं कोणतंही नाव तिनं घरात कधी काढलं नव्हतं.

"लहानशी आहे," श्रुतिका म्हणाली. तिचे डोळे मिटत होते. "तिथं उभी होती. म्हणे, मी पिंकी, रामपायली. सहा वर्षांची. इथं तू एकटी नाही." ती थोडं थांबली, दम लागल्यासारखी. "मंग एक पोरगा बी तसंच बोलला... मंग लय जनं होते, मम्मी. सगळे एक-एक करून..."

"श्रुती," शीलानं तिचा हात घट्ट धरला. "तू काय म्हटलं त्याइले? तू काही बोलली तं नाही ना? सांग मले... तू काही बोलली तं नाही?"

श्रुतिका झोपेतल्यासारखी हसली.

"म्या म्हटलं, आली."