डॉक्टरांना मी मारलं

“त्या म्हाताऱ्या कुत्र्याला मारायची काय गरज होती तुम्हाला?”

जनावरांच्या डॉक्टरांचं माझ्याशी पहिलं बोलणं हे! माझ्या कडेवर चवताळलेला बोका, मनगटावर ओरखडे, आणि हा माणूस साप्ताहिकात येणाऱ्या माझ्या कादंबरीतल्या कुत्र्याचा जाब विचारतोय.

“कथा अडली होती,” मी फणकारले. “अडली की मी कुणालातरी मारते. बोक्याकडे बघता का आता?”

त्यांनी बघितलं. बोक्याचा दुखरा कान इतक्या हलक्या बोटांनी उलगडला, की आमच्या आईलाही जवळ येऊ न देणारा तो नग चक्क घुरघुरायला लागला. मला दोघांचाही राग आला.

मग मी भांडायलाच जायला लागले. बोका निमित्ताला.

“याला काहीही झालेलं नाही,” एकदा ते म्हणाले.

“मग मला झालं असेल…”

“माणसं तपासायचा परवाना नाही माझ्याकडे.” मान खाली, आणि कान लालबुंद!

“बोक्याचं वजन करायला जाताना कुणी अत्तर लावतं का गं?” आईने विचारलं. मी बोक्याला उचललं आणि निघाले. तोवर माझ्या कादंबरीत एक उंच, चिडका, जनावरांचा डॉक्टर आला होता, आणि माझी नायिका त्याच्यावर जीव टाकत होती.

एके दिवशी दवाखान्यातल्या कंपाउंडरबाई सहज बोलून गेल्या, “डॉक्टरांना परगावच्या मोठ्या इस्पितळात बोलावलंय. जातील आता.”

मला एका शब्दाने सांगितलं नाही! घोड्याच्या दातांबद्दल तासभर बोलतील, पण हे नाही. मी तणतणत घरी आले आणि त्याच आठवड्याच्या प्रकरणात डॉक्टरला बैलाच्या शिंगावर घातलं. जागच्या जागी खलास. लिहिताना रडले, त्याचाही संताप आला.

अंक निघाला आणि हे दारात हजर. हातात साप्ताहिक, डोळ्यांत जाळ.

“बैल? मला बैलाने मारलंत?”

“तुम्ही नाहीतरी निघालाच होतात!”

“कोण म्हणालं? नकार कळवून टाकलाय मी. तुम्हाला सांगायचा धीर होत नव्हता, इतकंच… तुम्ही विचारायचं तरी!”

“अगं बाई,” आई आतून म्हणाली, “आता तर छापलं की!”

“नाही विचारलं!” मी ओरडलेच. “तुम्ही ‘हो, जातोय’ म्हणाला असतात तर? मेलेला माणूस मला कागदावर सोसतो. सोडून गेलेला… नाही सोसत.”

त्यांनी हातातलं साप्ताहिक खाली ठेवलं.

“काहीतरी करून जिवंत करते त्याला,” मी पुटपुटले.

“मुळीच नको!” ते इतके चिडून म्हणाले की मी दचकले. “त्याला काय काय बोलायची तुमची नायिका… दर आठवड्याला वाचत होतो मी. आणि मला फक्त बोक्याचं वजन विचारायचात.”

मी रागारागानेच त्यांचा हात धरला, आणि आई बाहेर आली तरी सोडला नाही.