लाल चिठ्ठीचे तीन गुरुवार

सुरुवात झाली ती चक्क भांडणानं.

गुरुवारचा बाजार ऐन भरात होता. आईच्या सुपाच्या गाड्यापुढे ही एवढी रांग लागलेली. धाकटी एका हातानं वाट्या भरत होती, दुसऱ्या हातानं प्रत्येक वाटीवर चिमूटभर मीठ आणि मिरी भुरभुरत होती, आणि तेवढ्यात कुणीतरी उंचापुरा माणूस बाजूनं आला, त्यानं पातेल्याचं झाकण उचललं आणि भोपळ्याच्या वाफाळत्या सुपात सरळ एक सळई बुडवली.

"अहो! अहो, हे काय चाललंय?" धाकटीनं पळी उगारली. "चव बघायची तर चमचा मागा की! काठ्या कसल्या बुडवता?"

रांग खदखदून हसली. शेजारच्या गाड्यावरचे पाववाले काका तर मान खाली घालूनच हसू लागले, कारण त्यांना हा कोण ते माहीत होतं. त्या माणसानं शांतपणे सळई वर काढली, तिच्यावरचा आकडा वाचला, कापसानं ती स्वच्छ पुसली आणि गळ्यातलं ओळखपत्र पुढे केलं.

"काठी नाही, थर्मामीटर आहे. मी या बाजाराचा नवा तपासनीस. ब्याऐंशी अंश... उत्तम."

धाकटीनं जीभ चावली. तिला सगळा बाजार धाकटीच म्हणायचा. थोरली लग्न होऊन दूर गेली, ही सव्वीस वर्षांची झाली, तरी हिचं धाकटेपण काही सुटलं नाही.

"माफ करा हं साहेब. मला वाटलं—"

"चोर?"

"नाही हो... भुकेला."

"ते मात्र बरोबर ओळखलंत," तो म्हणाला आणि असा काही हसला की पुढच्या गिऱ्हाइकाच्या वाटीत मीठ दोनदा पडलं.

तिनं लगेच त्याच्यासाठी वाटी भरली. त्यानं हात मागे घेतला. "नाही चालत. जिथं तपासायचं तिथं खायचं नाही. पाण्याचा घोटसुद्धा नाही. नियम आहे." आणि गाड्यामागच्या उपड्या क्रेटवर बसून त्यानं आपला डबा उघडला. एक उकडलेलं अंडं आणि कालच्या पावाचे दोन तुकडे!

"हे? या बाजारात?" धाकटीला राहवेना. एका बाजूला मासे भाजले जात होते, दुसऱ्या बाजूला बटाटे कढईत तडतडत होते, काकांच्या भट्टीतून गरम पाव निघत होते. "चहूकडे एवढं असताना तुम्ही हे खाणार?"

"सहा वर्षं झाली. वास घ्यायचा आणि डबा खायचा."

"अहो, ही तर शिक्षा झाली."

"एक करता येईल..." तो जरा थांबला. "सांगायला नियमाची हरकत नाही."

"काय सांगायला?"

"कसं लागतं ते."

आता हे काय मागणं झालं? पण धाकटी पळी हातात धरून खरंच आठवू लागली. "आधी लोण्यात लसूण परततो... तांबूस होईस्तोवर. भोपळा निखाऱ्यावर भाजलेला असतो, म्हणून जरासा धुराचा वास. पहिला घोट गोड लागतो. नुसताच गोड. आणि गिळून झालं की मग मिरी येते... उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी."

"आणि पाव बुडवला तर?"

"तर आतला भाग मऊ पडतो, कड कुरकुरीतच राहते. दोन्ही एकदम तोंडात येतं."

त्यानं डोळे मिटून अंड्याचा घास घेतला. "आज अंड्याला मिरीची चव आली," तो म्हणाला.

जाताना तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "परत कधी येणार?"

"चांगल्या गाड्यांना दोन महिन्यांनी."

"आणि वाईट गाड्यांना?"

"सूप साठ अंशांच्या खाली गेलं की लाल चिठ्ठी. मग लागोपाठ तीन गुरुवार यावं लागतं." बिचारा सरळ माणूस, त्याला काय ठाऊक आपण कुणापुढे काय बोलून बसलो ते!

दोन महिने. म्हणायला आठ-नऊ गुरुवार, पण धाकटीला विचारा. रविवारी आई आणि ती स्वयंपाकघरात उरलंसुरलं सूप कपात घेऊन बसायच्या, पाव तव्यावर लोण्यात भाजायच्या. आठवड्यातला तेवढाच निवांत घास. पण आता धाकटी खाताना तोंडातल्या तोंडात शब्द जुळवायची. टोमॅटो कसा सांगायचा? कांदा शिजून मऊ झाला की जिभेवर नेमकं काय होतं?

"अगं गिळ ना! काय रवंथ करत बसलीस?" आई ओरडायची.

गिळणार कसं? अर्धा घास त्याच्यासाठी ठेवल्यासारखा वाटायचा. तिला तो हवा होता. त्याच क्रेटवर बसलेला, डबा उघडून ऐकत असलेला. आणि एकदा तरी, फक्त एकदा, आपल्या हातचं खाताना दिसायला हवा होता.

तो दुसऱ्यांदा यायचा होता त्या गुरुवारी आई कांदे आणायला बाजाराच्या टोकाला गेली. धाकटीनं इकडेतिकडे पाहिलं, शेगडीची कळ फिरवली आणि पातेल्यावरचं झाकण काढून ठेवलं. मग अर्धा तास वाट पाहिली.

थर्मामीटर वर आला. चोपन्न.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग शेगडीकडे. काहीतरी विचारायला तोंड उघडलं... आणि न विचारताच लाल चिठ्ठी लिहून गाड्याला चिकटवली.

आई कांद्याची पिशवी घेऊन परतली ती चिठ्ठीपाशीच थबकली. गाड्याच्या कपाळावर तिनं स्वतः रंगवलेली पाटी होती: 'बावीस वर्षं, एकही लाल चिठ्ठी नाही.' आईनं ती पाटी खिळ्यावरून उतरवली आणि पदरानं उगाचच पुसली.

"सकाळी शेगडी मीच लावली होती," ती हळूच म्हणाली. "मीच विसरले असेन गं."

धाकटी गप्प राहिली. तिथंच तिचं चुकलं. कळ फिरवली ते एक वेळ सोडून देऊ, पण हे गप्प बसणं काही बरं नव्हतं.

पुढचे दोन गुरुवार म्हणजे सुखाचे होते हो, नाही कशाला म्हणा! तो यायचा, आकडा लिहायचा, क्रेटवर बसायचा.

"आज काय?"

"आज मशरूम. पाऊस पडून गेलेल्या मातीसारखा वास. वरून साय."

"साय गरम की गार?"

"गार. जिभेला आधी तीच भेटते."

"भाग्यवान आहे जीभ," तो म्हणायचा, आणि ती उगाच पळी शोधायला वाकायची. पळी हातातच असायची.

पण दुसरीकडे आई दर पाच मिनिटांनी शेगडीपाशी वाकून जाळ बघत होती. नेहमीची गिऱ्हाइकं लाल चिठ्ठी वाचून पुढे सरकत होती.

तिसऱ्या गुरुवारी सकाळपासून पावसाची भुरभुर होती. ताडपत्रीवर थेंब टपटपत होते. त्यानं पंच्याऐंशी अंश लिहिले, लाल चिठ्ठी नखानं अलगद सोडवली आणि क्रेटवर बसून डबा उघडला. तेवढ्यात आई म्हणाली, "मी आता थोरलीकडे जाऊन राहते म्हणते. हातून चुका व्हायला लागल्या. गाडा तूच बघ."

धाकटीच्या हातून पळी पडली.

"आई... तू नाही गं. मी. मीच बंद केली होती शेगडी."

"तू? कशासाठी?"

धाकटीनं तोंड आवरलं. पण नजरेला कोण अडवणार? ती क्रेटकडे गेलीच. आईनं आधी लेकीकडे पाहिलं, मग हातात अर्धं अंडं धरून बसलेल्या त्या साहेबांकडे, आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"अगं मेले! याच्यासाठी? याच्यासाठी माझी बावीस वर्षं पाण्यात घातलीस?" मग ती त्याच्याकडे वळली. "आणि तुम्ही हो? एवढे तपासनीस, तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं होतं," तो खाली बघून म्हणाला. "विसरलेल्या माणसाची शेगडी चालू राहते. ही बंद होती."

"मग लिहिलं का नाहीत?"

"वहीत तापमानाचा रकाना आहे. कारणाचा नाही."

पाऊस वाढला. तो उठला, डबा बंद केला. "खरं सांगायचं तर... ती चिठ्ठी लिहिताना मला आनंद झाला होता. तीन गुरुवार मिळाले म्हणून. तपासनिसाला असा आनंद होऊन चालत नाही. यापुढे मला हा गाडा तपासता येणार नाही. बदलीचा अर्ज करतो."

"कुठे?" धाकटीनं विचारलं.

"देतील तिथे."

आणि भर पावसात, छत्री न उघडता तो निघून गेला.

आईनं चार दिवस अबोला धरला. पाचव्या दिवशी कपात सूप ओतून तिच्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "माणूस खोटा नव्हता हो. खा आता." धाकटी त्या कपावर रडली आणि सगळं सूप प्यायली.

नव्या तपासनीस बाई आल्या. "अठ्ठ्याऐंशी. छान," एवढंच बोलून पुढे गेल्या. साहेबांच्या जागी त्या तात्पुरत्या आल्यात, असं काका म्हणाले. त्याची बदली झाली की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. धाकटी दर गुरुवारी तो क्रेट मात्र उपडा ठेवायची. काकांनी पावांसाठी मागितला तेव्हा ती अशी अंगावर गेली की काकांनी दोन्ही हात वर केले. टोमॅटो येऊन गेला, वाटाणा आला, पुन्हा भोपळा आला. सांगण्यासारख्या चवी साठत चालल्या होत्या आणि ऐकणारा नव्हता.

अकरा गुरुवार गेले.

बाराव्या गुरुवारी रांगेच्या शेवटी चौकटीचा शर्ट घातलेला एक उंच माणूस उभा होता. गळ्यात ओळखपत्र नाही, हातात सळई नाही. त्याच्यापुढे चार माणसं होती आणि त्या चौघांना धाकटीनं काय वाढलं ते तिचं तिलाही सांगता यायचं नाही.

"एक वाटी," तो म्हणाला. "आणि... पाव."

"चालतं का?"

"काल ऑर्डर आली. नदीपलीकडचे तिन्ही बाजार माझे. हा नाही."

"लांब आहे," ती म्हणाली आणि वाटीवर मीठ घातलं.

"दोन बस."

"एवढ्या लांबून—" तिनं मीठ घातलं. "नुसत्या सुपासाठी?"

"नुसत्या सुपासाठी नाही."

तिनं पुन्हा मीठ घातलं आणि वाटी त्याच्या हातात दिली. तो आपल्या क्रेटवर बसला. पाव मोडला, बुडवला, डोळे मिटून घास घेतला. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं. मग दुसरा घास, तिसरा. त्यानं वाटी पावानं पुसून लख्ख केली. रांग ताटकळत होती, पण धाकटीला रांग दिसतच नव्हती.

"आता तुम्ही सांगा..." ती म्हणाली. "कसं लागतं?"

त्यानं रिकामी वाटी गाड्यावर ठेवली.

"खारट," तो म्हणाला. "भयंकर खारट."

"अगं आई गं!" तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "एवढी वाट पाहिली आणि... मग खाल्लंत कशाला सगळं?"

"सहा वर्षांची भूक होती. पण नियम तो नियम. ही वाटी नापास." त्याचे कान लाल झाले होते. "म्हणजे आता लागोपाठ तीन गुरुवार यावं लागणार."

"आणि..." बोटांच्या फटीतून तिनं विचारलं, "ते तिन्हीही नापास झाले तर?"

तो उत्तर देणार तेवढ्यात मागून आईचा हात पुढे आला. तिनं मिठाची बरणी आपल्याकडे ओढून घेतली.

"होतील," आई म्हणाली. "त्यांच्या वाटीत मीठ मी घालणार आहे."