मोकळी ठेवलेली वाट

त्या साली वऱ्हाड मुंबई राज्याकडे गेलं आणि बुऱ्हाणपूर इकडे हिंदी मुलखातच राहिलं. दिवाळी सरून नुकती थंडी पडायला लागली होती. गावाबाहेरच्या तंबू टॉकीजमध्ये बादशहा आणि त्याच्या बेगमेचा बोलपट लागला होता, आणि लीलाधर पत्र्याचा भोंगा खांद्याला अडकवून, त्याची दवंडी द्यायला तापीपलीकडे जैनाबादला निघाला होता. तेराव्यानंतर तो आज पहिल्यांदाच कामावर जात होता.

नावाडी सुपडूने त्याला लांबूनच हाक मारली.

"या बादशहा, या! आज कोनासाठी रडायचं?"

"जैनाबादसाठी," लीलाधर कसाबसा हसला.

"त्यांना काय सांगतो तू? बेगम आधी त्यांच्याच गावात पुरली होती. मग नेली आग्र्याला. टॉकीजवाल्यानंच त्यांना पैसे द्यायला पाहिजे भाई!"

नाव मधल्या धारेला लागल्यावर सुपडूचा आवाज उतरला. "पोर कशी आहे?"

"दूध घेत नाही."

"शेळीचं?"

"शेळीचं, गाईचं, कोणाचंच नाही. आत्या बोळ्यानं पाजते, ती बाहेर टाकते. रडायचीसुद्धा थांबली कालपासून."

वल्हं पाण्यात पडत होतं, तेवढाच आवाज.

लीलाधरची बायको अलका दिवाळीच्या तोंडावर बाळंतपणात गेली. मुलगी जगली, पण बारसं राहूनच गेलं. शेजारच्या एका लेकुरवाळीने तिला तेराव्यापर्यंत अंगावर पाजलं. मग तिच्या सासूने तिला येऊ दिलं नाही. अशा मेलेल्या बाईच्या पोराला आपलं दूध द्यायचं नसतं, म्हणाली.

बाळंतपणात बाई गेली की त्यांच्याकडे वाटेवर मोहरी टाकायची रीत होती. ती घराकडे परत निघाली की दाणा दाणा वेचत बसते, आणि दारापर्यंत पोचायच्या आत उजाडतं, असं म्हणायचे. धुरपदाबाई, लीलाधरची आत्या, तिने त्याच्या हातात मोहरीची पुरचुंडी दिली होती. घाटावरून परतताना सगळ्यांच्या मागे राहून उंबऱ्यापर्यंत टाकत ये, म्हणाली होती. लीलाधर सगळ्यांच्या मागे राहिला खरा, पण पुरचुंडी त्याने तापीत रिकामी केली. बादशहाने बेगमेला मातीतून काढून कुठल्या कुठे आपल्याजवळ नेलं, हे तो रोज गावोगाव ओरडून सांगत होता. आणि आपल्या बाईची वाट त्याने स्वतःच्या हाताने अडवायची?

रोज संध्याकाळी तो दार उघडं ठेवून बसायचा. अलका आली नाही.

जैनाबादच्या पाराजवळ त्याने भोंगा तोंडाला लावला. आधी हिंदीत, मग मराठीत सांगितलं. बाया दारात आल्या. "आणि बेगमेने लेकीला जन्म दिला, आणि बादशहाच्या मांडीवर..." इथे त्याचा आवाज फाटला. लोकांना वाटलं, काय झकास दवंडी देतो! एका म्हाताऱ्याने तर टाळी वाजवली.

लीलाधर तिथून निघाला तो नावेकडे गेला नाही. गावाबाहेरच्या आहुखान्याकडे, जुन्या बादशाही शिकारबागेकडे वळला. बेगमेला आधी इथेच ठेवलं होतं, असं सगळे सांगतात. पडक्या कमानी, वाळलेलं गवत, आसपास केळीच्या बागा. ऊन उतरलं होतं. ओल्या पाल्याचा कुजकट वास येत होता, आणि कुठे माणूस नव्हतं.

मग त्याने भोंगा तोंडाला लावला.

त्यांच्या घरात बायको नवऱ्याचं नाव घेत नसे आणि नवराही बायकोला नावाने हाक मारत नसे. इथे ऐकायला कोणी नव्हतं, तरी त्याची जीभ रेटेना. तो रोज जशी हाक मारायचा तशीच मारली.

"अगं... ऐकलंस का? घरी चल. पोर उपाशी आहे... वाट मोकळी आहे. मी मोहरी टाकली नाही."

आवाज कमानींत फिरला आणि विरला. केळीची पानं सळसळत होती, ती थांबली. मग त्याच्या मागून ओव्याच्या धुरीचा वास आला. बाळंतिणीच्या खोलीत येतो तसा, कोंदट, ऊबदार. लीलाधरच्या डोळ्यांत पाणी आलं. मागे पाहायचं नसतं हे त्याला ठाऊक होतं. तो चालू लागला.

काठावर सुपडू त्याच्या खांद्यावरून मागे बघून म्हणाला, "बाई, मधी बसा. नावेच्या कडेला नका बसू."

"तुला दिसते?" लीलाधरने कुजबुजत विचारलं.

"न दिसायला काय? पाव्हणी का तुमची?"

सुपडूने अलकाला कधी पाहिलं नव्हतं. लीलाधर नुसता हसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मनापासून.

घरी पोचला तेव्हा दिवेलागण होत होती. उंबऱ्याशी तो बाजूला सरला. वास त्याच्या अंगावरून आत गेला. पाळण्याची खोली अंधारी होती. थोड्या वेळाने आतून आवाज आला... चुटूचुटू, हावरा, भरल्या तोंडाचा. मुलगी दूध पीत होती.

आत्या स्वयंपाकघरातून दिवा घेऊन आली. तिने दिवा वर धरून आत पाहिलं आणि दारातूनच मागे सरली.

"कोन आहे रे ही?"

"आत्या, तीच..."

"अलकाला या हातांनी न्हाऊ घातलं मी. ही ती नही." तिने त्याचं मनगट धरलं. "कुठून आणली?"

"आहुखान्यातून हाक मारली."

"नाव घेऊन?"

लीलाधरने नकारार्थी मान हलवली.

"अरे येड्या... बिनानावाची हाक! त्या काठावर अशा किती बाळंतिणी निजल्या असतील, कोनी लेकरासकट... कोनी बी उठंल ना रे!"

ती मोहरीचा डबा घेऊन आली. "आता जाईल तवा तिच्यामागं टाकू. उद्या यायची नही."

"पोर पिते आहे, आत्या."

दोघं ऐकत उभी राहिली. आत मुलीने ढेकर दिला. आत्याने डबा फळीवर परत ठेवला आणि पदर तोंडाला लावून खाली बसली.

मग ती बाई रोज दिवेलागणीला येऊ लागली. कोणी तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. मुलीच्या गालांना गोलाई आली, मुठी भरल्या. दवंडीहून परतला की लीलाधर ओटीवर बसून राही. आत एक बाई होती, आणि त्याची बाई कुठेच नव्हती. ती आता येणार नाही हे त्याला कळून चुकलं होतं. उघड्या वाटेने आली ती दुसरीच.

एका संध्याकाळी दूध पिऊन झाल्यावर आत्याने मुलीला ओटीवर आणलं आणि त्याच्या मांडीवर दिलं. ती लगेच झोपली. गल्लीत गारठा उतरत होता. वास अजून गेला नव्हता. आत पाळणा हलायचा थांबला नव्हता.

मग त्या रिकाम्या पाळण्यातून एक तान्हं मूल रडायला लागलं. बारीक, फार दिवसांच्या भुकेचं रडणं.

आत्याने लीलाधरकडे पाहिलं.

मांडीवरची मुलगी जागी झाली. तिने मान वळवून ते रडणं ऐकलं, आणि ओळखीचं कोणी भेटावं तशी हसली.