एक ओळ जास्त

"आई, मी टीमबाहेर झाले," फोनवर अस्मिता म्हणाली, आणि संध्याबाईंचा परातीतला हात तिथेच थांबला.

"लागलं का डोळ्याला?"

"नाही. डोळा चांगला निघाला."

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. संध्याबाईंना तिचा वास येत होता, पण गॅसपर्यंत हात जाईना.

"चांगला म्हणजे?"

"म्हणजे पाहिजे त्यापेक्षा चांगला. इथे खेळायच्या आधी सगळ्यांचे डोळे तपासतात. तक्त्यावर एक ठरलेली ओळ असते. तिच्या खालचं वाचता आलं तर तू आंधळ्यांच्या खेळात बसत नाहीस. मी वाचलं. एक ओळ जास्त..."

अस्मिताला कमी दिसतं म्हणून एका शाळेने नाकारलं होतं, दोन स्थळांनी नाकारलं होतं, आणि एका बँकेने नोकरी दिली ती कोट्यातून, वर उपकार केल्यासारखा चेहरा करून. जास्त दिसतं म्हणून तिला नाकारणारं कोणी या पृथ्वीवर असेल, ही कल्पना संध्याबाईंच्या स्वप्नातही आली नव्हती. त्यासाठी दोन विमानं बदलून अशा शहरात जावं लागलं, ज्याचं नाव त्यांना शेवटपर्यंत नीट घेता आलं नाही.

आणि मग जे झालं, त्याची त्यांना पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली. त्यांना आनंद झाला. पोटातून, गरम वाफेसारखा वर आला आणि डोळ्यांत उतरला. परदेशातल्या दोन डॉक्टरांनी यंत्रं लावून, मोजून, कागदावर लिहून दिलं होतं की या मुलीला दिसतं. पोरगी तिकडे रडवेल्या आवाजात बोलत होती, आणि इकडे तिची आई पिठाच्या हाताने तोंड दाबून आपला आनंद लपवत होती...

"आई, ऐकतेस ना?"

"ऐकतेय."

"उद्या सकाळी दुसरे डॉक्टर तपासणार. तेही तेच म्हणाले तर संपलं. मी नंतर करते फोन." आणि फोन बंद झाला.

तो डोळा मिळवलेला होता. अस्मिता जन्मली तीच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन. ऑपरेशनं झाली, डावा गेला. उजव्याचं डॉक्टर म्हणाले, आतलं प्रेशर सांभाळलं तर राहील, थोडा राहील, सगळं आईच्या हातात आहे. हे वाक्य डॉक्टर दिवसातून दहा आयांना सांगत असतील. संध्याबाईंनी ते एकटीने मनावर घेतलं. उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला जायच्या, ते काम सोडलं. पहिले सहा महिने दर दोन तासांनी थेंब. लग्नात, मैताला, वर्षावासाच्या प्रवचनातही त्या मधेच उठून पोरीचं डोकं मांडीवर घ्यायच्या. नवरा ऑर्डनन्स फॅक्टरीतून दमून यायचा आणि झोपलेल्या लेकीच्या पापण्या उघडणाऱ्या बायकोकडे नुसता बघत बसायचा. पुढे तो गेला, तेव्हा डोक्याशी बसून रडणाऱ्या संध्याबाई घड्याळाकडे पाहून थेंबांसाठी उठल्या होत्या. बायकांनी त्यावर पुष्कळ दिवस चर्चा केली.

दर रविवारी पॅसेजच्या टोकाला पुठ्ठ्याचा तक्ता टांगायचा, अक्षरं त्यांनीच काळ्या रंगाने काढलेली. अस्मिताने दाराशी उभं राहून वाचायचं. "अजून एक. नीट बघ. बघ, येतंय." यायचं नाही. मग वर्षा-दोन वर्षांनी एखादं यायचं.

आणि खेळायचं नाही. दोरीवरच्या उड्या नाहीत, लगोरी नाही, पकडापकडी नाही. डोक्याला एक धक्का आणि होतं तेही जायचं. अस्मिताचं बालपण दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, गजांना गाल लावून गेलं. खालून पोरींचा आवाज यायचा. तिला आवाजावरून कळायचं कोण आऊट झालं ते.

म्हणूनच असेल, कॉलेजात कोणीतरी तिला गोलबॉल दाखवला आणि तिने घरी पत्ता लागू दिला नाही. तीन मुली या बाजूला, तीन त्या बाजूला. सगळ्यांच्या डोळ्यांवर काळी पट्टी, कमी दिसो की मुळीच न दिसो. सव्वा किलोचा चेंडू, पोटात घुंगरं. समोरची जोरात सरपटवते, आपण आवाजाचा अंदाज घेऊन जमिनीवर आडवं झोकून द्यायचं आणि अंगाने अडवायचा. हे संध्याबाईंना कळलं ते अस्मिताची भुवई सुजलेली पाहून. भुवई उजवी होती.

"या घरात राहायचं तर डोळा सांभाळून राहायचं," त्या म्हणाल्या होत्या.

"मग डोळा ठेव तू घरात. मी जाते."

ती बदलापूरला खोली घेऊन राहिली. आईच्या अंबरनाथच्या पुढचंच स्टेशन, मधे दुसरं नाही. त्याला चार वर्षं झाली. सणाला मेसेज यायचा, जयंतीला यायचा. खाली नाव नसतं तर बँकेकडूनच आला असं वाटलं असतं. मधे ती देशाच्या टीममध्ये निवडली गेली. ते संध्याबाईंना दीर रामभाऊंकडून कळलं, आणि रामभाऊंना पेपरातून.

मागच्या महिन्यात संध्याबाईंनीच मेसेज केला: परदेशी जातेयस, चष्मा नवा कर, भूपेशच्या दुकानात ये. भूपेश म्हणजे उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातला चष्मेवाला; अस्मिताचा पहिला चष्मा त्याच्याच वडिलांनी केला होता. ती आली. घरी नाही, दुकानात. वीस मिनिटं बसली.

"नंबर चेंज आहे मावशी," भूपेश काचा बदलत म्हणाला. "पुराने चष्म्यात उगाच त्रास काढत होती. आता बघा, एक लाईन ज्यादा वाचते ही. मेहनत तुमची आहे."

संध्याबाई लेकीकडे बघत राहिल्या. अस्मिताने चष्मा लावला, आरशात पाहिलं, आणि "थँक्यू" म्हणाली. काउंटरपलीकडच्या गिऱ्हाइकाला म्हणतात तसं. आईला.

आता तो चष्मा संध्याबाईंच्या छातीत रुतला होता. आपणच हट्टाने दिला. तह करायला गेलो आणि पोरीचं ताट ओढून घेतलं...

तासाभरात रामभाऊ आले. बातमी त्यांना टीमच्या मॅनेजरकडून लागली होती. सोसायटीच्या फाटकावर त्यांनी फ्लेक्स लावला होता: 'अंबरनाथच्या लेकीला हार्दिक शुभेच्छा'. त्यात पासपोर्टच्या फोटोतून ताणून मोठी केलेली अस्मिता होती, आणि शेजारी तिच्या दुप्पट आकाराचे, हात जोडलेले रामभाऊ. निवडणुका जवळ येत होत्या.

"जयभीम वहिनी. काय ऐकतोय मी? अहो, पोरीला सांगा जरा. दोन अक्षरं गिळायची फक्त. आयुष्यभर दिसत नाही म्हणून सवलती घेतल्या, आणि ऐन टायमाला हिला दिसायला लागलं?"

"खोटं बोलायचं?"

"खोटं कसलं? कमी वाचायचं. आपल्याकडे लोक परीक्षेत कमी लिहितातच की. कोणी पकडतं का?"

संध्याबाईंनी चहा टाकला. रामभाऊ बशीत ओतून प्यायले आणि जाताना म्हणाले, "फ्लेक्स दुसऱ्या नावावर फिरवता येत नाही हो वहिनी. तेवढा विचार करा."

चार वाजता पुन्हा फोन आला. या वेळी अस्मिताचा आवाज शांत होता, आणि संध्याबाईंना त्याचीच भीती वाटली.

"चष्मा मी दिला," त्या आधीच बोलून गेल्या. "फेकून दे तो. पडला म्हण, फुटला म्हण."

"तुझा चष्मा त्यांनी काढूनच ठेवला. ते त्यांच्या काचा लावतात. चष्म्याचं नाही गं हे. डोळ्याचंच आहे. तू सांभाळलास तो."

टोमणा होता की नुसतं खरं, ते कळेना. संध्याबाई भिंतीला टेकल्या.

"सहा जणी आलो. माझ्याशिवाय पाच. वैदेहीचा खांदा दुखावलाय, म्हणजे धड चारच. सगळ्या म्हणतायत, उद्या एक ओळ सोडून दे. पकडलं तर बंदी येते, पण नाही पकडणार म्हणतायत. मला काही सुचत नाही." आणि मग चार वर्षांत पहिल्यांदा तिने आईला काही विचारलं. "तूच सांग. काय करू?"

संध्याबाईंच्या समोर पंचवीस वर्षं उभी राहिली. दर दोन तासांची रात्र, मांडीवरचं तापलेलं डोकं, पुठ्ठ्यावरची आपल्या हातची वेडीवाकडी अक्षरं. त्या सगळ्याचा जगात एकच पुरावा होता, आणि तो उद्या सकाळी एका परक्या खोलीत पोरीच्या तोंडून निघणार होता. दुसरं बक्षीस त्यांना कधी मिळालं नव्हतं, मिळणारही नव्हतं. अजून एक, नीट बघ, हेच शब्द जिभेवर तयार होते. जन्मभराची सवय...

"नको वाचूस," त्या म्हणाल्या.

"काय?"

"दिसत नाही म्हण. मला... मला कधी दिसलंच नाही म्हण. तुझा खेळ आहे ना तो. जा, खेळ."

अस्मिता "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. संध्याबाई तिथेच जमिनीवर बसल्या, आणि त्यांना कळेना की आपल्या हातून आत्ता नेमकं काय गेलं. रडू आलं असतं तर बरं वाटलं असतं. तेही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी एका ओळीचा मेसेज: 'आऊट. फायनल. तिकीट बदलत नाही, मॅचेस संपल्यावर सगळ्यांबरोबर येईन.' म्हणजे पोरीने प्रयत्न केला, पण डॉक्टरांनी पकडलं, असं संध्याबाईंनी गृहीत धरलं. आपण पोरीला खोटं बोलायला लावलं आणि तेही साधलं नाही. ही गोष्ट कोणाजवळ बोलणार? त्या स्वयंपाक करायच्या, एकटीचा, जेवायच्या, निम्मा, आणि गॅलरीत जाऊन उभ्या राहायच्या. फ्लेक्स उतरला होता. दोन दिवसांनी तो त्यांना रामभाऊंच्या स्कूटरवर दिसला, धुळीसाठी पांघरलेला. हात जोडलेले काका आतल्या बाजूला दुमडले होते. वर होता तो अस्मिताचा चेहरा. संध्याबाई खाली उतरल्या, पदराने तो पुसला, आणि वर आल्या.

ती आली दहाव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास. सामानासकट, बदलापूरला न जाता. दारात उभी राहिली आणि चप्पल काढायची की नाही ठरवत असल्यासारखी खाली बघत राहिली.

"ये ना," संध्याबाई म्हणाल्या. "पोहे टाकते."

"टाक."

ती स्वयंपाकघरात येऊन जमिनीवर बसली, ओट्याला पाठ टेकून. संध्याबाई कांदा चिरायला लागल्या.

"पकडलं का गं त्यांनी?" शेवटी संध्याबाईंनी पाठमोऱ्याच विचारलं. "मी तुला नको ते शिकवलं..."

"कोणी नाही पकडलं. मी वाचलं सगळं."

सुरी थांबली.

"दुसऱ्या डॉक्टरबाईने तक्ता लावला. पहिल्या दिवशी वाचलं होतं तेवढं वाचलं. ती म्हणाली, बस. मी म्हटलं, थांबा, खालची दोन अक्षरं पण येतील. आली. तू फोनवर 'नको वाचूस' म्हणालीस ना, तसा तुझा आवाज मी फक्त बाबा गेले तेव्हा ऐकला होता. तिथे खुर्चीवर बसले आणि तोच कानात. ती अक्षरं समोर दिसत होती गं आई. दिसतंय ते नाही कसं म्हणू? खोटं बोलायला तोंड उघडेना माझं."

"पण तुझा खेळ गेला..."

"गेला." ती हे सरळ म्हणाली, आणि मग तिचा चेहरा लहानपणी थेंब घालताना व्हायचा तसा आक्रसला. "आता नाही खेळता येणार परत. मला राग येतो तुझा. अजून येतो. गॅलरीतनं कधी खाली सोडलं नाहीस तू मला. पण तो डोळा तुझा पण आहे ना... मी एकटीने कसा नाही म्हणू?"

संध्याबाई वळल्या. खाली बसल्या. लेकीचं डोकं छातीशी घ्यावं की नाही ते कळेना, म्हणून तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, कांद्याचाच. दोघींच्या डोळ्यांना पाणी होतं, आणि सोयीची गोष्ट अशी की कांदाही होता.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "डोळ्याकडे बघता बघता तुझ्याकडे बघायचं राहिलं."

अस्मिताने नाक पुसलं. मग म्हणाली, "मॅच पाहिली मी. वर, प्रेक्षकांत बसून. चार वर्षं खेळले आणि कधी पाहिली नव्हती. पट्टी असते ना. एवढे लोक आणि सगळे गप्प, कारण आवाज झाला तर घुंगरं ऐकू येत नाहीत. वैदेही कोपऱ्यात सरकून बसली होती, मधे एवढी जागा मोकळी. मला वरून दिसत होतं. आणि ओरडता येत नव्हतं. अख्ख्या टीममध्ये मला एकटीला दिसत होतं, आणि त्याचा कोणालाच उपयोग नव्हता."

पंचवीस वर्षं संध्याबाईंनी एकच प्रश्न विचारला होता: दिसतं का? काय दिसतं, हे विचारायचं कधी सुचलं नव्हतं.

"मग? काय काय दिसलं?" त्यांनी विचारलं.

अस्मिताने आईकडे पाहिलं, चष्म्यातून, डोकं थोडं तिरकं करून, जसं तिला पाहावं लागतं तसं.

"हरलो आपण. पण शेवटी वैदेहीने एक अडवला ना... दुखऱ्या खांद्यावर. सांगून नाही कळायचं तुला." ती उठली, चष्मा काढून आईच्या हातात दिला, आणि स्वयंपाकघराच्या मधोमध गुडघ्यांवर बसून कान देऊन ऐकायला लागली. "हे बघ. चेंडू इकडून येतोय. अशी झेप घ्यायची, आडवी..."

डोकं सांभाळ, हे शब्द संध्याबाईंच्या ओठांपर्यंत आले. त्यांनी ते गिळले, उठल्या, आणि मधे येणारं स्टूल उचलून बाजूला ठेवलं.