घेवडा जाळीवर आडवा ठेवायचा

"शेंगा जाळीवर भाजताय की निखाऱ्यात?"

अक्षतानं चमकून मागे पाहिलं. विश्रांतवाडीतल्या त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर रविवारी सकाळी कुणी फिरकत नसे, म्हणून तर तिनं इथं शेगडी मांडली होती. आणि आता हा कोण... उंच, विस्कटलेल्या केसांचा, दाराला टेकून उभा?

"आपण?"

"रणजित. दुसऱ्या मजल्यावर नवीन आलोय. तुमचा धूर आमच्या हॉलमध्ये येऊन बसलाय, परत घेऊन जा म्हणायला आलो."

हसायचं नाही असं तिनं ठरवलं — आणि हसली. खरं तर घेवड्याच्या निम्म्या शेंगा जाळीच्या तारांमधून खाली निखाऱ्यांत गेल्या होत्या. तो शेजारी उकिडवा बसला आणि एकेक शेंग तारांवर आडवी मांडू लागला.

"अशा. आणि धुतल्यावर पुसल्या होत्या का? ओल्या शेंगा भाजत नाहीत, नुसत्या उकडतात."

"आपण स्वयंपाकाचे क्लास घेता?"

"नाही. फुकटच बोलतो."

मग दर रविवारी तोच मार्केट यार्डातून कोवळा, कटकन मोडणारा घेवडा आणायला लागला. तेल-मीठ चोळायचं काम तिचं, लिंबू पिळायचं त्याचं. सालीवर काळे ठिपके उमटले, की दोघांची बोटं नेमकी एकाच शेंगेवर यायची... चटका बसायचा, आणि बसला असं कुणीच म्हणायचं नाही. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही. बँकेत नुकतीच लागलेली, तेवीस वर्षांची शहाणी अक्षता सोमवारपासूनच रविवारची वाट बघू लागली.

आणि एका शनिवारी रणजितची आई, नंदाकाकू, दारात उभ्या.

"रणजितला एक स्थळ आलंय गं. उद्या संध्याकाळी मुलीकडचे घर बघायला येतायत. तुझ्या त्या भाजलेल्या शेंगा करशील? पोहे काय, सगळेच करतात."

"करते की, काकू," अक्षता म्हणाली. दुसरं काय म्हणणार? रणजित तर एका शब्दानं बोलला नव्हता.

रविवारी दुपारी तिनं शेगडी पेटवली. शेंगा पुसल्या, तेल चोळलं, आडव्या मांडल्या. इतक्या सुरेख तिच्या हातून कधीच भाजल्या नव्हत्या — आणि त्याचाच तिला राग येत होता. तेवढ्यात रणजित वर आला.

"छान झाल्यात."

"हात लावू नकोस. पाहुण्यांच्या आहेत."

"अक्षता, ऐक ना..."

"आधी मी बोलते, नाहीतर धीर जाईल." तिनं चिमटा खाली ठेवला. "मला या शेंगा त्यांना द्यायच्या नाहीयेत. एकसुद्धा. मला तू आवडतोस, रणजित. आता खाली जाऊन त्या मुलीला हो म्हणायचं तर म्हण... पण हे ऐकून जा."

एक निखारा तडकला. रणजित नेहमीसारखा तिच्या शेजारी उकिडवा बसला.

"पाहुणे येत नाहीयेत. या स्थळाचं मलाच काल रात्री कळलं. सकाळी मीच फोन करून त्यांची माफी मागितली."

"आणि मला आत्ता सांगतोयस? मी इथं मघापासून डोळे चोळत भाजतेय."

"आई रुसली होती, तिची समजूत काढण्यात दुपार गेली. नाही म्हणालास ते कुणासाठी, एवढंच विचारत होती." त्याचे कान लाल झाले. "शेवटी सांगितलं. तर म्हणते, मी चांगली साडी नेसून बसलेय, आता मुलगी बघितल्याशिवाय उठणार नाही."

"कुठली मुलगी?"

"वर शेंगा भाजतेय ती."

अक्षतानं आपले तळवे पाहिले. तेलानं चकचकीत, कोळशानं काळेभोर.

"अशी येऊ?"

"अशीच ये." त्यानं ताट उचललं आणि मोकळा हात पुढे केला. "आणि लवकर चल. गार शेंगा दिल्यास तर आई नकार कळवेल."

तिनं तो काळा हात त्याच्या हातात दिला.