हरितगंध

चंद्रपूरच्या आभासशिक्षण केंद्रात प्रयोगशाळेच्या मोठ्या पडद्यावर एका वेळी शंभर मुलं जंगलात फिरताना दिसत. खरं तर ती आपापल्या शाळेच्या वर्गातच बसलेली असत. डोळ्यांवर आभासचष्मा, नाकाखाली काडेपेटीएवढी गंधडबी, कानामागे चिकटवलेली, चालल्याचा भास देणारी तोलपट्टी. उन्हाळा आता फेब्रुवारीतच सुरू होई आणि दिवाळीपर्यंत रेंगाळे. मुलांना उन्हात बाहेर नेण्यावर बंदी आल्याला बरीच वर्षं झाली होती. झाड म्हणजे काय, हे शिकायला त्यांच्याकडे 'वनभेट' एवढा एकच मार्ग उरला होता.

वनभेटीतली झाडं डॉ. शालिनी मडावी यांनी घडवली होती. त्या वनस्पतिशास्त्रज्ञ. मोहाच्या फुलाचा वास असो की कडुलिंबाच्या सालीचा, खरं झाड हाताळून, पानं चुरगाळून, त्यांनी तो गंधडबीत उतरवला होता. मुलाने पान तोडलं की वास येई. फळ तोंडाशी नेलं की त्याचा स्वाद जाणवे आणि एक गोड आवाज त्या झाडाचं नाव, कूळ, उपयोग सांगे.

त्या दिवशी मात्र पडदा बंद होता. केंद्राचे प्रमुख, मेंदूशास्त्रज्ञ डॉ. पुष्कर आसुटकर, खुर्चीत मान खाली घालून बसले होते.

"पाचवीतला मुलगा," ते म्हणाले. "वसाहतीच्या कुंपणाला पिवळी कण्हेर आहे. संध्याकाळी चौघं खेळत होती. फळं तोडली, खाल्ली. तिघं वाचली."

शालिनी म्हणाल्या, "पण वनभेटीत आपण स्पष्ट सांगतो. कण्हेर विषारी आहे म्हणून."

"सांगतो. त्या मुलांना परीक्षेत विचारलं असतं तर चौघांनीही बरोबर उत्तर लिहिलं असतं. पण आपल्या जंगलात त्यांनी तेच फळ तीनदा तोंडात घातलं होतं आणि त्यांना काहीही झालं नव्हतं. कानाने ऐकलं की विष आहे. शरीर शिकलं की काही होत नाही. मॅडम, शेवटी माणूस शरीराचंच ऐकतो."

त्यानंतर आसुटकरांनी जो उपाय मांडला, तो ऐकायला सोपा होता. मेंदूत एक फार जुनी सोय आहे. काही खाल्लं आणि मळमळलं, तर त्या पदार्थाची शिसारी बसते. एकदाच अनुभव पुरतो आणि तो बहुधा जन्मभर टिकतो. त्यांनी त्याला 'किळसबंध' असं नाव दिलं होतं. तोलपट्टीतून कानातल्या तोलयंत्रणेला क्षीण विद्युत्प्रवाह दिला की घाट चढणाऱ्या गाडीत होतं तसं मळमळतं. इजा काहीच नाही.

"मुलाने आभासी कण्हेर तोंडाशी नेली की मिनिटभर मळमळेल. बस. पुन्हा ते मूल आयुष्यात कण्हेरीला हात लावणार नाही. धोतरा, गुंज, एरंड, सगळ्यांसाठी हेच."

"मेंदूला कसं कळणार की मळमळ कशामुळे झाली?" शालिनींनी विचारलं. "त्या वेळी आजूबाजूला शंभर गोष्टी असतात."

"पोटातल्या त्रासाचा दोष मेंदू दृश्याला देत नाही, आवाजालाही नाही. तो चवीला आणि वासाला देतो. म्हणून प्रत्येक झाडाला त्याचा स्वतःचा वास हवा. आणि तो तुम्ही दिलेला आहेच."

शालिनींनी होकारार्थी मान हलवली. आपले वास अचूक आहेत याबद्दल त्यांना शंका नव्हती.

मंजुरी लगेच मिळाली. गेलेल्या मुलाची आई रोज बातम्यांत दिसत होती आणि कोणालाही थांबून विचार करायची उसंत नव्हती. महिन्याभरात राज्यातल्या सगळ्या शाळांत नवी वनभेट पोहोचली. परिणामही दिसला. मुलांसमोर कण्हेरीची डहाळी मोडून धरली की ती तोंड फिरवून मागे सरत. केंद्रात पेढे वाटले गेले. त्या वर्षी विषारी फळ खाऊन एकही मूल दगावलं नाही.

शालिनींची मुलगी मैथिली चौथीत होती. तिनेही शाळेत ती वनभेट घेतली होती. ती मेथीची भाजी निवडायला बसेनाशी झाली, तेव्हा घरात कोणी मनावर घेतलं नाही. मुलांना भाज्या नको असतातच. मग एका रविवारी सकाळी शालिनी ओट्याशी कोथिंबीर चिरत होत्या. मैथिली मागून येऊन त्यांच्या कमरेला बिलगली आणि पुढच्याच क्षणी तिला भडभडून उलटी झाली.

शालिनींनी तिचं तोंड धुतलं, पाठीवरून हात फिरवला. तिला पुन्हा उमासा आला.

"आई, तुझे हात," ती कशीबशी म्हणाली. "तुझ्या हातांना तो वास येतोय. जवळ नको येऊस ना."

शालिनींनी साबणाने हात घासून धुतले. मग त्यांनी फ्रिजमधून कोथिंबिरीची अख्खी जुडी काढली आणि न मोडता तिच्या नाकाजवळ धरली. मैथिलीला काही झालं नाही. आदल्या दिवशीची शिजलेली पालकाची भाजी हुंगायला दिली. तेव्हाही नाही. शेवटी खिडकीतल्या कुंडीतलं गवताचं एक पातं त्यांनी बोटांत चुरडलं. मैथिली तोंडावर हात दाबून बाहेर पळाली.

त्या तशाच केंद्रात गेल्या. आसुटकर सुट्टीच्या दिवशीही तिथे असत.

"सर, पान कुठलंही असो, ते चिरलं, फाटलं, चुरगाळलं की एक वास सुटतो. गवत कापल्यावर येतो ना, तोच. हरितगंध. झाडाला जखम झाली की ते हे द्रव्य सोडतं. गवत, कोथिंबीर, वड, कण्हेर, सगळ्यांत तेच. प्रत्येक झाडाचा वेगळा वास असतो, तो याच्यावर चढवलेला थर."

आसुटकरांच्या लक्षात येऊ लागलं होतं. "गंधडबीतही तसंच केलंय?"

"मी अचूक केलंय," शालिनी म्हणाल्या. "मुलाने कण्हेरीचं फळ तोडलं की आधी हरितगंध येतो, मग कण्हेर. धोतऱ्यालाही तसंच. गुंजेलाही. प्रत्येक वेळी मळमळ. या सगळ्यांत एकच वास सारखा होता."

"म्हणजे मेंदूने कण्हेर शिकलीच नाही."

"नाही. जखमी झालेलं प्रत्येक पान शिकलं."

त्यांनी केंद्रातल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांना बोलावलं, डोळ्यांवर पट्टी बांधली आणि कापलेलं गवत नाकाजवळ धरलं. एकेक मूल गुदमरून मागे सरलं. तिसऱ्या मुलानंतर शालिनींनी चाचणी थांबवली.

"हा बंध सोडवता येईल?" त्यांनी विचारलं.

"भीती असती तर आली असती सोडवता. भीतीच्या गोष्टीसमोर माणसाला शांतपणे बसवायचं, काही होत नाही हे कळलं की भीती ओसरते." आसुटकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "इथे वास दिला की मळमळ होते. आणि ती मळमळ खरी असते. म्हणजे प्रत्येक वासागणिक बंध आणखी घट्ट. समजावून काही उपयोग नाही. मुलांना माहीत आहेच की कोथिंबीर विषारी नाही."

सरकारला कळवलं गेलं. वनभेट बंद झाली, पण तोवर राज्यभरातल्या मुलांनी ती घेतलेली होती. आई-बापांना सांगण्यात आलं की हे तात्पुरतं आहे. शालिनींनी प्रयोगशाळेत पानांना हात लावणं सोडलं, लिंबाच्या साबणाने कोपरापर्यंत हात धुण्याची सवय लावून घेतली. तरी मैथिली त्यांच्याजवळ बसताना आधी श्वास रोखून धरी. ते पाहून त्या दुसऱ्या खोलीत निघून जात.

मग वाऱ्याचे दिवस आले. मैथिलीच्या शाळेच्या मैदानातल्या कडुलिंबांच्या फांद्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीच्या कठड्यावर घासत, पानं फाटत, आणि त्या मजल्यावरचे वर्ग आजारी पडत. पालकांची सभा झाली. झाडं काढून टाकण्याचा ठराव झाला. शालिनींना कळताच त्या शाळेत पोहोचल्या. मुख्याध्यापक श्री. वैरागडे फाटकाशीच उभे होते. झाडाखाली यांत्रिक करवत घेतलेली दोन माणसं दोर बांधत होती.

"सर, हे करू नका," शालिनी म्हणाल्या. "उभ्या झाडाला तो वास नसतो. कापलं की येतो. जेवढं कापाल तेवढा जास्त येईल. हवं तर कठड्याजवळच्या फांद्या दोरीने मागे ओढून बांधा."

"मॅडम, वारा रोज सुटतो." वैरागडे थकलेले होते, रागावलेले नव्हते. "गेल्या आठवड्यात दोन मुली सलाईनवर होत्या. तुमची मुलगी याच शाळेत आहे. एकदा त्रास होईल, हे मान्य. पण झाडच नसलं तर पुन्हा होणार नाही. यात माझं काय चुकतंय ते सांगा."

मैथिलीचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर होता. सावली, प्राणवायू, पाऊस, सगळं त्यांना पाठ होतं. त्यातलं काहीही त्या मुलींच्या सलाईनसमोर मांडता येईना.

करवत सुरू झाली. हिरवा, ओला, ताज्या गवताचा वास क्षणात मैदानभर पसरला. शालिनींना तो लहानपणापासून आवडायचा. वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या धडाधड बंद होऊ लागल्या आणि बंद काचांआडून मुलांच्या ओकाऱ्यांचे आवाज ऐकू येऊ लागले. वारा रस्त्याच्या दिशेने वाहत होता. रस्त्यापलीकडे, वडाच्या रांगेमागे, दुसऱ्या शाळेची इमारत होती.

वैरागड्यांचा फोन वाजला. ते ऐकत राहिले, दोनदा "हो, हो" म्हणाले आणि फोनवर हात ठेवून शालिनींकडे वळले.

"पलीकडच्या शाळेच्या बाई आहेत," ते म्हणाले. "त्यांच्या मुलांना आत्ताच त्रास सुरू झालाय. त्यांचे वड कधी कापून मिळतील, विचारताहेत. ही माणसं उद्या मोकळी आहेत का, जरा विचारता का त्यांना?"